मटण-स्टाउट पाय: आयरिश पद्धतीने, पुण्याच्या स्वयंपाकघरात

आयर्लंडमध्ये हा पाय (pie, म्हणजे सारणावर मैद्याची पारी घालून भाजलेला पदार्थ) गोमांसाचा करतात. पुण्यात त्याऐवजी बोकडाच्या खांद्याचे मटण घ्यावे, कारण त्यातील चिवट संयोजी ऊती (स्नायूंना जोडणारे धागे) मंद आचेवर विरघळून रस्सा आपोआप दाट करतात. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये खाटकाकडून १ किलो मटण हाडे काढून, दीड इंची तुकडे करून घ्यावे.

तुकडे अगदी कोरडे पुसून, मीठ, मिरपूड व २ चमचे मैदा लावून, जाड बुडाच्या पातेल्यात थोडे-थोडे करून गडद तपकिरी होईपर्यंत परतावेत. पातेले गच्च भरल्यास पाणी सुटते आणि मटण भाजण्याऐवजी उकडते, म्हणून येथे घाई मुळीच करू नये. त्याच पातेल्यात कांदा व गाजर परतून ३३० मिलि स्टाउट (गडद रंगाची कडवट बिअर) ओतावा, बुडाला चिकटलेला खरपूस थर खरवडून घ्यावा आणि तेजपत्ता, थाइम (एक सुगंधी पाला) व मटण बुडेल इतके पाणी घालून झाकण ठेवून दोन तास मंद शिजवावे. स्टाउटचा कडवटपणा जाणवल्यास गुळाचा लहान खडा पुरतो.

सारण पूर्ण गार होऊ द्यावे, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात, कारण गरम सारणावर पारी ठेवली की तिच्यातले लोणी भाजण्यापूर्वीच वितळते. २५० ग्रॅम मैद्यात १२५ ग्रॅम थंडगार लोणी चोळून, बर्फाच्या पाण्याने घट्ट भिजवून, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लाटावे. भांड्यातील सारणावर पारी घालून कडा दाबाव्यात, वाफेसाठी मधोमध चीर द्यावी आणि २०० अंश सेल्सियसवर सुमारे ३५ मिनिटे भाजावे.