योग, छीगोंग आणि जिम: श्वास घेताना या चुका टाळा

सकाळी प्राणायाम, आठवड्यातून दोन-तीनदा जिम आणि व्हिडिओ पाहून शिकलेले ताओवादी छीगोंग (संथ हालचाली आणि श्वसनाचा चिनी अभ्यास) असा मिश्र क्रम आता बरेच जण ठेवतात. त्यात गैर काही नाही. मात्र एका पद्धतीचा श्वास नकळत दुसऱ्या पद्धतीत नेला, की तक्रारी सुरू होतात.

सर्वाधिक घोटाळा ताओवादी परंपरेतील उलट्या श्वसनाबाबत होतो. साध्या उदरश्वसनात श्वास घेताना पोट पुढे येते आणि सोडताना आत जाते, तर उलट्या श्वसनात श्वास घेताना ओटीपोट हलके आत घेतले जाते आणि सोडताना ते सैल होऊन बाहेर येते. साधा प्रकार अंगवळणी पडण्याआधीच उलटा प्रकार सुरू केला, तर खांदे वर चढतात, गळा आवळतो आणि दोन-चार मिनिटांत दम लागल्यासारखे होते. साधा प्रकार जमला आहे का, हे पाहण्यासाठी गुडघे दुमडून उताणे झोपावे, एक तळवा छातीवर आणि दुसरा बेंबीखाली ठेवावा. छातीवरचा हात आधी हलत असेल, तर उलट्या श्वसनाची वेळ अजून आलेली नाही.

'हे तर आपले उड्डियानच' असे योगाभ्यासी सहज म्हणून जातात, पण ते खरे नाही. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून बाहेरच रोखला जातो आणि हवा आत न घेता बरगड्या फुलवल्याने पोट खोल ओढले जाते. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौलीच्या वेळी (उड्डियानाच्याच स्थितीत पोटाचे स्नायू पुढे काढून फिरवण्याची क्रिया) मोठ्या आतड्यात उणा दाब निर्माण होतो, हे प्रयोगाने दाखवले होते. उलट्या श्वसनात श्वासपटल खाली येत असतानाच पोटाची भिंत आत येते, त्यामुळे पोटातला दाब वाढतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या क्रियांचा आतला परिणाम असा परस्परविरुद्ध असतो. म्हणूनच हर्निया, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असताना उलटे श्वसन मनाने करू नये.

छीगोंगमध्ये बेंबीखालच्या दानत्येनवर, म्हणजे प्राणशक्तीचे केंद्र मानलेल्या जागेवर, लक्ष ठेवायचे असते, तिथे हवा ढकलायची नसते. हवा फुप्फुसांच्या खाली जात नाही. जड वजन उचलताना श्वास रोखून धड घट्ट करण्याची सवय छीगोंगच्या संथ हालचालींत आणणे जितके चूक, तितकेच छीगोंगचा सैल, लांब उच्छ्वास जड स्क्वॉटमध्ये नेणे चूक. पिलाटीज या व्यायामप्रकारात पोट आत धरून बरगड्या बाजूंना फुलवतात, कारण तिथे कण्याला आधार हवा असतो. त्याला 'अपुरा श्वास' म्हणण्यात अर्थ नाही.

कपालभातीत उच्छ्वास जोराचा आणि श्वास आपोआप येणारा असतो. दोन्ही जोराने केले, की ती भस्त्रिका होते, आणि अतिवेगाने केल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. असे झाल्यास थांबून नाकाने सहज श्वास घ्यावा. अशा जलद श्वसनानंतर पाण्याखाली दम कधीही रोखू नये, कारण श्वास घेण्याची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते.