ब्राउझरमधून बिल्डिंग ऑटोमेशन कंट्रोलरचे निदान कसे करावे

वातानुकूलन बिघडल्याची तक्रार आली की इमारतीतील एसी, पंखे आणि पंप चालवणारा कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण रीस्टार्टनंतर बहुतेक कंट्रोलरमधील संवादाच्या त्रुटींची मोजणी शून्यावर येते आणि बिघाडाचा मागच पुसला जातो. आजच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये वेब सर्व्हर असतो, त्यामुळे ब्राउझरमधून आधी सर्व काही वाचून घेता येते. मेनूंची नावे प्रत्येक उत्पादकाची वेगळी असली, तरी तपासणीचा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच ठेवता येतो.

कंट्रोलर नेटवर्कवर असेल तर त्याचा आयपी पत्ता नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून किंवा पॅनेलच्या दारावरील नोंदीतून मिळतो. थेट केबलने जोडायचे असल्यास लॅपटॉपला त्याच सबनेटमधील (नेटवर्कच्या त्याच भागातील), इतर कोणी वापरत नसलेला पत्ता द्यावा, कंट्रोलर १९२.१६८.१.१० वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० चालेल. लॅपटॉपने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला असेल, तर त्याला कुठूनही पत्ता मिळालेला नाही आणि तो हातानेच भरावा लागेल, असे समजावे. वायफाय तेवढ्यापुरते बंद ठेवावे आणि लॅपटॉपची मूळ सेटिंग लिहून ठेवावी.

पत्ता टाकताना सुरुवातीचे एचटीटीपीएस स्वतः टाइप करावे. कंट्रोलरचे सर्टिफिकेट बहुधा त्याने स्वतःच तयार केलेले असल्याने ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. केबल थेट जोडलेली असेल आणि पत्त्याची खात्री असेल, तर पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र सामाईक नेटवर्कवर ही सूचना रोज डोळे झाकून ओलांडण्याची सवय लावून घेऊ नये, योग्य सर्टिफिकेट बसवून घ्यावे. दूरवरून काम करायचे असेल तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) वापरावा. कंट्रोलरचे पान थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे कोणत्याही सबबीखाली योग्य नाही. काही जुन्या कंट्रोलरची पाने जावा ॲपलेट किंवा फ्लॅशवर चालत. ब्राउझरांनी जावा ॲपलेटचा आधार काढून घेतल्यामुळे आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यामुळे आजच्या ब्राउझरमध्ये ती उघडत नाहीत आणि तिथे उत्पादकाचेच सॉफ्टवेअर वापरावे लागते.

लॉगइन शक्यतो फक्त वाचण्याची मुभा असलेल्या खात्याने करावे. पहिल्यांदा कंट्रोलरचे घड्याळ पाहावे. ते चुकीचे असेल, विशेषतः वर्ष १९७० किंवा २००० दाखवत असेल, तर अलार्मच्या नोंदींच्या वेळांवर भरवसा ठेवता येत नाही आणि वेळापत्रकेही भलत्याच वेळी चालतात. कित्येकदा ‘रात्री एसी आपोआप सुरू होतो’ या तक्रारीचे मूळ इथेच सापडते. त्यानंतर अलार्मची यादी आणि संवादाच्या त्रुटींचे आकडे फाइल म्हणून उतरवून घ्यावेत, ती सोय नसल्यास पडद्याचे फोटो घ्यावेत.

आता संवादाकडे वळावे. वेब पान उघडले म्हणजे कंट्रोलरचा बॅकनेट (इमारतीतील उपकरणांची आपसात बोलण्याची सामाईक भाषा) संवादही ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवर माहिती पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत: पान टीसीपीवरून येते, तर बॅकनेट आयपी सहसा यूडीपीच्या ४७८०८ या पोर्टवर चालते. शिवाय त्यातील उपकरणे शोधणारे ब्रॉडकास्ट संदेश राउटरपलीकडे जात नाहीत. त्यासाठी बीबीएमडीची, म्हणजे हे संदेश राउटरपलीकडे पोहोचवणारी, व्यवस्था लागते. म्हणून पान व्यवस्थित दिसते आणि मुख्य संगणकावर तोच कंट्रोलर ऑफलाइन दिसतो, असे घडू शकते. दोन उपकरणांना एकच डिव्हाइस इन्स्टन्स क्रमांक (बॅकनेटवरील ओळख क्रमांक) दिला गेला असेल, तरीही असाच गोंधळ होतो.

कंट्रोलरखाली एमएस/टीपीची (तारांवरून चालणाऱ्या बॅकनेटची) दोन तारांची लाइन असेल तर त्रुटींचे आकडे पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचावेत. जुना मोठा आकडा स्थिर असेल तर तो भूतकाळातील घटनेचा आहे. आकडा वाढत असेल तर दोष आत्ता चालू आहे. मग संवादाचा वेग सर्व उपकरणांवर एकच आहे का, तारांची धन-ऋण बाजू कुठे उलटली आहे का, लाइनच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रोधक आहेत का, हे पाहावे. कमाल मास्टरची, म्हणजे कोणत्या पत्त्यापर्यंत उपकरणे शोधायची याची, सेटिंग बहुतेकांच्या नजरेतून सुटते. समजा, ती सर्वत्र ३० ठेवली आहे आणि नवीन उपकरणाला ३५ हा पत्ता दिला आहे: वायरिंग निर्दोष असूनही टोकन (बोलण्याची पाळी) त्या उपकरणापर्यंत पोहोचणारच नाही, कारण बाकीची उपकरणे ३० च्या पुढे कोणी आहे का, हे विचारतच नाहीत.

संवाद ठीक असेल तर पॉइंटांची, म्हणजे प्रत्येक इनपुट-आउटपुटची, पाने उघडावीत. नुसता आकडा न वाचता त्याच्या शेजारची स्थितीही वाचावी. एखादा इनपुट ‘आउट ऑफ सर्व्हिस’ असेल तर दिसणारे तापमान सेन्सरचे नसून कोणीतरी भरून ठेवलेले असू शकते. दहा हजार ओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापमान वाढले की रोध कमी होणारा सेन्सर) असलेल्या ठिकाणी अशक्य वाटावे इतके कमी तापमान दिसले तर तार तुटली आहे आणि अशक्य इतके जास्त दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, असा पहिला तर्क करावा. खात्रीसाठी तारा टर्मिनलमधून सोडवून मल्टिमीटर लावावा. सेन्सर धड असल्यास २५ अंश सेल्सिअसला सुमारे १०,००० ओहम दिसायला हवेत.

आउटपुट ऐकत नसेल तर प्रायॉरिटी ॲरे (त्या आउटपुटला मिळालेल्या आज्ञांची अग्रक्रमाने यादी) पाहणे सर्वांत फलदायी ठरते. त्यात १६ पातळ्या असतात आणि लहान क्रमांकाची आज्ञा वरचढ ठरते. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह १०० टक्के उघडा अडकला आहे आणि प्रोग्रॅम सोळाव्या पातळीवर शून्य लिहीत आहे, असे दिसले तर बहुधा आठव्या, म्हणजे ऑपरेटरच्या पातळीवर कोणीतरी १०० ठेवून निघून गेलेले असते. अशा वेळी तिथे शून्य लिहिणे ही मोठी चूक ठरते, कारण शून्य हीदेखील आज्ञाच आहे आणि व्हॉल्व्ह मग कायमचा बंद राहील. ती पातळी ‘नल’ (रिकामी) करून मोकळी करावी. मात्र त्याआधी तो ओव्हरराइड (हाताने दिलेली आज्ञा) कोणी आणि का लावला हे विचारलेच पाहिजे. त्या यंत्राजवळ कोणी दुरुस्ती करत असू शकते. पहिल्या दोन पातळ्या जीवितसुरक्षेसाठी राखीव असतात, त्यांना ब्राउझरमधून हात लावू नये.

रीस्टार्ट करायचेच ठरले तर आधी बॅकअप घ्यावा, त्या क्षणी पंखे, पंप आणि डॅम्पर (हवेच्या झडपा) कोणत्या स्थितीत जातील हे ठाऊक करून घ्यावे आणि इमारतीतील संबंधितांना कळवावे. काम झाल्यावर लॉगआउट करावे. लहान कंट्रोलर एका वेळी मोजकीच सत्रे उघडी ठेवू शकतात आणि अर्धवट सोडलेले सत्र पुढच्या माणसाला अडवू शकते. शेवटी लॅपटॉपचा पत्ता पूर्ववत करावा आणि बदललेले प्रत्येक मूल्य आधीच्या मूल्यासह पॅनेलच्या नोंदवहीत लिहावी.