मुंबई–लंडन विमानप्रवास: वेळेचा हिशोब करताना या चुका टाळा

मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला पहिल्यांदाच निघालेले आई-बाबा तिकीट हातात आलं की कागद-पेन घेऊन बसतात. गडबड तिथूनच सुरू होते.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ताशी ९०० च्या वेगाने जातं, म्हणजे आठ तास, असा सरळ भागाकार करू नका. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. शिवाय तिकिटावरची वेळ मुंबईत विमान जागेवरून हलल्यापासून लंडनला जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीसाठीची रांग आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या आकाशातल्या घिरट्या त्यातच आल्या. मार्गही कायम तोच राहत नाही. पाकिस्तानने २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये हवाई हद्द बंद केली, तेव्हा भारतीय विमानांना वळसा घालावा लागला. म्हणून शेजाऱ्यांना गेल्या वर्षी किती तास लागले, यावर विसंबू नका.

दुसरी चूक घड्याळाची. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची लंडनची. रात्री २ ला सुटून सकाळी ६.३० ला पोहोचणार असं दिसलं की साडेचार तासांचाच प्रवास वाटतो. हिवाळ्यात त्यात साडेपाच तास मिळवा: दहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. तेवढ्या काळात फरक साडेचार तासांचाच असतो. परतताना हेच तास वजा करायचे. औषधांच्या वेळा ठरवताना मात्र तिकिटावरच्या वेळा बाजूला ठेवा आणि प्रवासाचे खरे तास मोजा. मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांना हाच आकडा सांगून गोळ्या-इन्सुलिनचं विचारून घ्यावं.

दुबईमार्गे तिकीट असेल तर ‘केवढा फेरा पडतो’ म्हणून घाबरू नका. अंतर जेमतेम दोनशे-अडीचशे किलोमीटरने वाढतं. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. तेव्हा थांबा किती तासांचा आहे, ते आधी बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. माझ्या मावशीच्या तिकिटावर १५ तारीख आणि ०२:०० अशी वेळ होती. १५ ला रात्री निघायचं, असं तिने धरलं. १५ ला सकाळी देवपूजा करून ती निवांत बॅग भरत बसली होती, आणि विमान तेव्हा लंडनच्या वाटेवर आकाशात होतं. नवीन तिकिटाला केवढे पैसे गेले, ते आठवलं की अजून जीव हळहळतो. म्हणून घरातल्या कॅलेंडरवर १५ भोवती नाही, १४ भोवती गोल करा.

आणि तिथून उलटं मोजत या. पहाटे २ च्या विमानासाठी सहारच्या टर्मिनल २ वर १४ च्या रात्री ११ पर्यंत पोहोचायला हवं. पुण्याहून निघणार असाल तर अंतर दीडशे किलोमीटरच दिसतं, पण घाटात आणि मुंबईत शिरताना गाड्या तुंबतात. संध्याकाळी ५ ला घर सोडा. टॅक्सीवाल्याला तारीख सांगताना ‘१४ ची संध्याकाळ’ असंच सांगा, ‘१५ चं विमान’ असं नको.