खडीचा रस्ता, पण आधी पाण्याची वाट

मुरबाड, शहापूर, बदलापूर किंवा टिटवाळ्याच्या पुढे जागा घेऊन घर बांधणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात फाटकापासून ओट्यापर्यंतचा रस्ता बहुधा शेवटच्या ओळीत असतो. घराचे काम संपत आले की उरलेल्या पैशांत काही डंपर खडी मागवायची, जेसीबीने ती पसरून घ्यायची आणि गाडी आत आली की काम झाले असे मानायचे, हा सर्रास चालणारा प्रकार आहे. अशी खडी पहिल्याच पावसाळ्यात मातीत रुतते, चाकोऱ्यांत चिखल वर येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तितकीच खडी विकत घ्यावी लागते. वास्तविक नीट बांधलेला खडीचा रस्ता काँक्रीटपेक्षा स्वस्त पडतो, आवारातील पाण्याचा काही भाग जमिनीत मुरू देतो आणि बिघडला तर फावडे-कुदळीने दुरुस्त करता येतो. मात्र ठाणे जिल्ह्यात वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलीमीटरच्या घरात जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. अशा ठिकाणी रस्त्याचे आयुष्य त्याखालची माती कोरडी राहते की नाही यावरच ठरते, आणि म्हणून कामाची सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

शक्य असेल तर रस्त्याची आखणी करण्यापूर्वी एक पावसाळा जागेवर पाहून घ्यावा. जुलै महिन्यात सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला की वरच्या अंगाने पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडते हे उघड दिसते, आणि त्या वेळी खुंट्या ठोकून केलेल्या खुणा पुढे लेव्हल मशीनच्या आकड्यांइतक्याच उपयोगी पडतात. आपल्याकडील पुष्कळशा जागा मूळच्या भातखाचरांच्या आहेत. वरच्या खाचरातले पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते, आणि आपला रस्ता तिला आडवा गेला तर तो धरणासारखा पाणी अडवतो. वरच्या शेतकऱ्याचे आवण, म्हणजे लावलेली भाताची रोपे, बुडते, खालच्याला पाणी मिळत नाही आणि तुंबलेले पाणी शेवटी आपलाच रस्ता फोडून निघते. म्हणून ज्या ज्या ठिकाणी बांधाला तोंड आहे तेथे तेथे रस्त्याखालून पाइप गेलाच पाहिजे, आणि तो कोठे व किती खोल घालायचा हे वरच्या व खालच्या दोन्ही शेजाऱ्यांना सोबत घेऊन ठरवावे. त्या जमिनीवर त्यांनी जितके पावसाळे पाहिलेले असतात तितके कोणत्याही कंत्राटदाराने पाहिलेले नसतात.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगतो. हद्दीबद्दल शंका असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. शेतजमिनीकडे जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल आणि समजुतीने मिळत नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आपला रस्ता जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याला जिथे मिळतो तिथे कडेच्या गटारावर मोरी, म्हणजे खालून पाणी जाऊ देणारा छोटा पूल, बांधावी लागते, आणि त्यासाठी संबंधित विभागाची परवानगी घ्यावी. मुरूम, दगड आणि खडी ही गौण खनिजे असल्यामुळे माल आणणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर वाहतूक परवाना आहे ना, हे पाहावे. रात्रीतून डोंगर पोखरून आणलेला मुरूम स्वस्त पडतो, पण तो घेऊ नये. महसूल खात्याचा दंड हे त्याचे एक कारण झाले, आणि ज्याच्या खाली आपण घर बांधले आहे तोच उतार खिळखिळा होतो हे त्याहून मोठे.

कामाचा हंगाम भातकापणीनंतर, जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखल जाऊन थोडीच ओल राहिली, की सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण तेव्हा मातीत दबाईला लागतो तेवढा ओलावा शिल्लक असतो. एप्रिल-मेमध्ये यंत्रे मिळणे कठीण होते, टँकरचा खर्च वाढतो आणि वळवाच्या एका सरीने अर्धवट काम चिखलात जाते.

आखणी करताना एका मोटारीसाठी दहा फूट रुंदी पुरेशी धरावी आणि वळणावर ती बारा-चौदा फुटांपर्यंत वाढवावी. चुन्याच्या फक्कीने दोन्ही कडा मारून घेतल्यावर वरची मुळांची व पालापाचोळ्याची माती सहा ते नऊ इंच काढून बाजूला साठवावी, कारण ती बागेसाठी सोन्याच्या मोलाची असते आणि रस्त्याखाली मात्र निव्वळ घातक असते. येथे एक मोठी चूक होते. खाचराच्या चिकण मातीत रस्त्यासाठी दीड-दोन फूट खोल चर खणून त्यात दगड भरले जातात, आणि पावसाळ्यात त्या चराचे टाके होते. चहूबाजूंचे पाणी त्यात उतरते, बाहेर पडायला वाट नसते आणि दगड पाण्यात बसून राहतात. सखल जागी म्हणूनच वरचा मऊ थर तेवढा काढावा आणि मग मुरमाचा भराव घालून रस्ता उचलावा, म्हणजे तयार रस्त्याची कड आजूबाजूच्या साचणाऱ्या पाण्यापेक्षा निदान नऊ इंच वर राहील. हा भराव एकदम न टाकता सहा ते आठ इंचांच्या थरांत टाकून प्रत्येक थर स्वतंत्रपणे दाबला पाहिजे.

दबाईला रोलरच लागतो. जेसीबी चार वेळा पुढे-मागे फिरवला की दबाई झाली असे सांगितले जाते, पण त्याचे वजन टायरांच्या दोन पट्ट्यांपुरते पडते आणि मधला भाग पोकळ राहतो. व्हायब्रेटर असलेला आठ-दहा टनी रोलर मिळाला तर उत्तम. वाट अरुंद असेल तर लहान रोलर चालेल, फक्त थर चार इंचांवर आणावा. मुरमाला पाणी किती मारायचे याची परीक्षा हातानेच करता येते. मूठभर मुरूम घट्ट दाबावा. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा टिकला आणि अंगठ्याने टोचल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर ओलावा बरोबर आहे. गोळा होतच नसेल तर पाणी कमी आहे, आणि तळहाताला ओला राप लागत असेल तर एक दिवस वाळू द्यावे. तळ तयार झाला की भरलेला डंपर त्यावरून अगदी सावकाश चालवावा व मागून स्वतः चालत जावे. जिथे जमीन चाकाखाली लवते आणि चाक पुढे गेल्यावर उसळते, तिथली माती काढून मुरूम भरल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ही परीक्षा नंतर घेता येत नाही.

पाइपांचे काम याच टप्प्यावर उरकावे. बांधाच्या तोंडाशी किमान १२ इंच व्यासाचा सिमेंटचा ह्यूम पाइप घालावा. १८ इंचांचा घातला तर साफ करणे पुष्कळ सोपे जाते. वाहनांच्या भारासाठी एनपी-३ दर्जाचा पाइप मागावा. पाइपावर दोन फूट भराव बसत नसेल तर तो काँक्रीटमध्ये गाडून घ्यावा. शंभर फुटाला एक फूट एवढा उतार पुरतो, आणि दोन्ही तोंडांना दगडी बांधकाम केले की पाणी पाइपाच्या बाजूने माती पोखरत नाही. याच वेळी पाण्याची लाइन, विजेची केबल आणि पुढे लागेल ती आणखी एखादी तार यांच्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइपाचे दोन-तीन रिकामे तुकडे रस्त्याखालून आडवे टाकून त्यांची तोंडे बंद करून ठेवावीत.

माती काळी किंवा चिकण असेल तर सोलिंगच्या, म्हणजे तळाच्या दगडी थराच्या, आधी जिओटेक्सटाइल अंथरावे. या कापडातून पाणी जाते, पण माती वर येत नाही आणि दगड खाली जात नाहीत. दोन पट्ट्यांचा एकमेकांवर दीड फूट तरी चढाव ठेवावा. पैसे वाचवण्यासाठी त्याऐवजी ताडपत्री किंवा प्लॅस्टिक घालणे मात्र चुकीचे आहे, कारण पाणी त्याच्यावर अडकून राहते आणि सगळा थर त्यावरून सरकतो. मूळ जमीनच कडक मुरमाची असेल तर कापडाचा खर्च सरळ वाचवावा.

आता दगडाचा भाग. सर्वांत खाली नऊ इंची सोलिंग, म्हणजे रबल दगड हाताने उभे रचून, रुंद बाजू खाली ठेवून, मधल्या फटींत चिपा ठोकून केलेला थर. डंपरमधून ओतून जेसीबीने सपाट केलेले दगड म्हणजे सोलिंग नव्हे, ते गाडीखाली आयुष्यभर हलत राहतात. त्यावर ४० मिलीमीटर खडीचा दबून चार इंच होईल एवढा थर द्यावा, तो आधी कोरडाच दाबावा, आणि खडी एकमेकींत अडकून हलेनाशी झाली की बारीक खडी व चाळलेला मुरूम पसरून, पाणी मारून, झाडूने फटींत ढकलत पुन्हा रोलर फिरवावा. रोलर नेहमी कडेकडून मध्याकडे न्यावा, नाहीतर खडी कडेला पळते. सर्वांत वर दोन इंचांचा थर १० ते १२ मिलीमीटर खडी आणि क्रशरची कच, म्हणजे दगड फोडताना पडणारा बारीक चुरा, यांच्या मिश्रणाचा असावा. नुसती स्वच्छ २० मिलीमीटर खडी दिसायला देखणी असते, पण तिला धरून ठेवणारे काहीच नसल्यामुळे ती चाकाखाली पळते आणि म्हाताऱ्या माणसांना तिच्यावरून चालता येत नाही. याउलट कच फार झाली तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात राबडा होतो. आपल्या भागातील क्रशरवर मिळणारी काळ्या पाषाणाची, धारदार कोन असलेली खडी या कामाला अत्यंत योग्य आहे. नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे ते या कामात घेऊ नयेत.

मालाचा हिशेब ब्रासमध्ये होतो, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. उदाहरणार्थ २०० फूट लांब व १० फूट रुंद रस्त्याचे क्षेत्र २,००० चौरस फूट होते. नऊ इंची सोलिंगला १५ ब्रास दगड लागतो. ४० मिलीमीटर खडीचा दबलेला चार इंची थर पावणेसात ब्रासचा भरतो, पण दबाईत खडी बसत असल्यामुळे सैल माप नऊ ब्रास धरावे. वरच्या दोन इंची थराला याच कारणाने सव्वाचार ब्रासच्या आसपास माल मागवावा. गाडी आली की ती खाली करण्यापूर्वी टेप घेऊन हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजावी. बारा फूट लांब, सात फूट रुंद आणि तीन फूट उंच भरलेला हौदा २५२ घनफुटांचा, म्हणजे अडीच ब्रासचा असतो, मग चालक तोंडाने तीन म्हणो वा साडेतीन. मध्ये ढीग आणि कोपरे रिकामे असतील तर माल हौद्यातच सपाट करायला लावून मग उंची घ्यावी. मोजमापाबद्दल आधीच सभ्यपणे सांगून ठेवले की वाद होत नाहीत.

रस्त्याचा मध्य दोन्ही कडांपेक्षा दोन ते अडीच इंच उंच ठेवावा, आणि हा फुगवटा तळाच्या मुरमापासूनच प्रत्येक थरात यायला हवा. तो केवळ वरच्या खडीने काढला तर वर्षभरात पुसला जातो. दोन्ही बाजूंना दीड फूट रुंद व एक फूट खोल चर काढून तो बांधाच्या तोंडापर्यंत किंवा ओहोळापर्यंत नेऊन सोडावा. मध्येच सोडलेला चर म्हणजे लांबट डबकेच. जागा एका अंगाने उतरती असेल तर वरच्या बाजूचा चर अधिक मोठा ठेवावा. कडांना दगडाची ओळ अर्धी गाडून बसवली की खडी बाहेर सांडत नाही, मात्र या ओळीत दर आठ-दहा फुटांवर पाणी जाण्यास फट ठेवायला विसरू नये. चढ दहा फुटांना एक फुटापेक्षा जास्त असेल तेथे खडी टिकणार नाही हे मान्य करून तेवढ्याच तुकड्यात चाकांपुरते काँक्रीटचे दोन पट्टे ओतावेत. फाटकाजवळचे पहिले पंधरा फूटही काँक्रीटचे केले तर खडी डांबरी रस्त्यावर जाऊन दुचाकीस्वार घसरण्याचा धोका टळतो. घराजवळ उतार नेहमी जोत्यापासून दूर असावा.

पहिल्या पावसाळ्यात रस्ता थोडा बसतो, आणि त्यात काही वावगे नाही. चाकोरी पडली तर तिच्यात नुसती नवी खडी ओतू नये, कारण तळाशी घट्ट झालेल्या गुळगुळीत जागेवर ती धरत नाही. चाकोरी व तिच्या दोन्ही कडा कुदळीने तीन-चार इंच उकराव्यात, कच मिसळलेली खडी घालून पाणी मारावे आणि रोलर नसेल तर धुमसाने ठोकून फुगवटा पूर्ववत करावा. सागाची पाने उन्हाळ्यात पाइपांच्या तोंडाशी अडकून राहतात, म्हणून मृग लागण्यापूर्वी सगळे चर आणि पाइप साफ करून घ्यावेत आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन एकदा सगळ्या तोंडांवरून फिरून यावे. वरचा थर विरळ दिसू लागला, साधारणतः दोन-तीन वर्षांनी, की दिवाळीनंतर ब्रास-दोन ब्रास मिश्र खडी पसरून दाबून घ्यावी.