न्यू जर्सीतील प्रायमरीपूर्वी आपल्या परिसरातील मतदारांपर्यंत माहिती कशी पोहोचवावी

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे एडिसन, आयसेलिन या भागात राहणारी अनेक मराठी कुटुंबे नोव्हेंबरमध्ये मतदान करतात, परंतु जूनमधील प्राथमिक निवडणूक, जिला तेथे सगळे प्रायमरीच म्हणतात, त्यांच्या खिजगणतीतही नसते. याचे कारण उदासीनता नव्हे. भारतात निवडणुकीचे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात आणि ते कोणाला मिळाले हे मतदाराला बातम्यांतून कळते. पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी सामान्य मतदारालाच केंद्रावर बोलावले जाते, ही पद्धत आपल्याला मुळात परिचयाची नसते. ज्या गावात एकाच पक्षाचे वर्चस्व आहे, तेथे जूनमध्ये उमेदवारी जिंकणारी व्यक्ती नोव्हेंबरमध्ये बहुधा निवडून येतेच, त्यामुळे नगर परिषदेवर कोण बसणार याचा निकाल प्रत्यक्षात जूनमध्येच लागलेला असतो. शेजारी, नातेवाईक किंवा मंडळातील सभासद यांना या मतदानासाठी तयार करायचे असेल तर कामाला मार्चमध्येच लागावे. मे महिन्यात सुरुवात केल्यास निम्म्या गोष्टी हातातून गेलेल्या असतात.

आधी पक्षनोंद, मग उमेदवार

प्रायमरी साधारणपणे जूनच्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी होते. २०२५ साली मात्र ती आठवडाभर उशिरा, १० जूनला झाली होती, म्हणून दर वर्षीची तारीख काउंटी क्लार्कच्या, म्हणजे मतपत्रिकांचे काम पाहणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावरून पाहून घ्यावी आणि बाकीचे दिवस त्या तारखेपासून मागे मोजावेत. मतदार म्हणून नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या २१ दिवस आधी संपते. एका पक्षात नोंद असलेल्या मतदाराला दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे असेल, तर पक्ष बदलण्याचा अर्ज ५५ दिवस आधी, म्हणजे साधारण एप्रिलच्या पूर्वार्धातच, पोहोचलेला असावा लागतो. ही दुसरी मुदत फारच थोड्यांना ठाऊक असते, आणि ती हुकली की पुढचा सारा उत्साह वाया जातो.

ज्यांची नोंद कोणत्याच पक्षात नाही, ज्यांना अनअॅफिलिएटेड म्हणतात, त्यांना मात्र मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष जाहीर करून मत देता येते. नागरिकत्व मिळाल्यावर घाईने अर्ज भरताना पक्षाचा रकाना रिकामा सोडलेले अनेक जण याच गटात असतात आणि आपल्याला प्रायमरीत मतच नाही असे समजून घरी बसतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. पक्ष जाहीर केल्यावर ती नोंद पुढेही कायम राहते, मात्र नंतर अर्ज देऊन ती काढता येते. आणि कोणाची नोंद कोणत्या पक्षात आहे ही माहिती सार्वजनिक असते, तरी मत कोणाला दिले हे गुप्तच राहते. नोकरीच्या ठिकाणी किंवा शेजारात बभ्रा होईल या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी हा खुलासा महत्त्वाचा आहे.

कोणाला मत आहे, कोणाला नाही

येथे तडजोड चालत नाही. मताधिकार फक्त नागरिकांना आहे. ग्रीन कार्डधारकाने चुकून जरी मतदार म्हणून नाव नोंदवले, तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्याला मोठी अडचण येऊ शकते, म्हणून नोंदणीचे अर्ज सरसकट वाटू नयेत. आधी विचारावे, मग अर्ज हातात द्यावा. ज्यांना मत नाही त्यांनाही खुर्च्या मांडण्यापासून भाषांतरापर्यंत माहिती पोहोचवण्याच्या कामात हातभार लावता येतो.

याउलट एक गट हमखास विसरला जातो. सतरा वर्षांचा जो मुलगा किंवा मुलगी नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा वर्षे पूर्ण करणार आहे, त्यांना जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सीच्या प्रायमरीत मत देता येते. घरातील बारावीच्या मुलाला हे सांगितले की तोच उमेदवारांची माहिती शोधून सगळ्यांना ऐकवतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

नमुना मतपत्रिका समोर ठेवून बसावे

मतदानाच्या आधी काउंटी क्लार्क नमुना मतपत्रिका घरी पाठवतात आणि त्या संकेतस्थळावरही ठेवतात. जाहिरातींच्या गठ्ठ्यात हा कागद बहुधा रद्दीत जातो. माहिती देण्याचे सर्वांत उपयोगी साधन हेच आहे, म्हणून पाच-सात जणांना चहाला बोलावून प्रत्येकासमोर त्याच्या स्वतःच्या पत्त्याची मतपत्रिका ठेवावी. शेजारच्या गल्लीचा विधिमंडळ मतदारसंघही वेगळा असू शकतो.

वरून खाली एकेक पद वाचत जावे. काँग्रेसचा, म्हणजे देशाच्या संसदेचा, सदस्य वॉशिंग्टनला जातो आणि असेंब्लीचा, म्हणजे राज्य विधिमंडळाचा, सदस्य राज्याची राजधानी ट्रेंटनला, हा फरक प्रथम स्पष्ट करावा, कारण व्हिसाच्या प्रश्नावर असेंब्लीच्या उमेदवाराला धारेवर धरणारे लोक प्रत्येक बैठकीत भेटतात. काउंटी कमिशनर रस्ते, उद्याने, काउंटी महाविद्यालय यांचा कारभार पाहतात, तर इमारतींना परवानगी आणि कचरा हे विषय नगरपालिकेचे. शाळा मंडळाची निवडणूक पक्षांच्या चिन्हाविना वेगळी होते. ती जूनच्या मतपत्रिकेवर नसते, आणि पालकांचा पहिला प्रश्न मात्र नेमका तिच्याबद्दलच असतो. काही वर्षी तळाशी पक्षाच्या काउंटी कमिटीची नावे असतात. ही माणसे आपल्याच मतदान विभागातील, बहुधा दोन-चार गल्ल्यांच्या अंतरावर राहणारी असतात आणि पक्ष कोणाच्या पाठीशी उभा राहणार हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. त्या ओळीवर थोडे थांबावे. तेथे मते थोडी पडतात, म्हणून एकेका मताचे वजन मोठे असते.

जुन्या मतदारांना मतपत्रिकेचे रूप बदलल्याचेही सांगावे लागते. न्यू जर्सीच्या बहुतेक काउंट्यांत पूर्वी पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेल्या सर्व उमेदवारांची नावे एकाच स्तंभात किंवा ओळीत येत, तिला काउंटी लाइन म्हणत, आणि बाकीचे उमेदवार दूरच्या रकान्यांत विखुरलेले असत. सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे असलेले अँडी किम यांनी ही रचना न्यायालयात नेली. मार्च २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती तिला मनाई केली आणि २०२५ साली कायदा करून ती हटवण्यात आली. आता एका पदाचे सर्व उमेदवार एकाच चौकटीत असतात. लाइनवर बोट ठेवून खाली जाण्याची सवय असलेल्यांना आता प्रत्येक चौकटीत वेगळा विचार करावा लागतो, आणि म्हणूनच माहितीची गरज वाढली आहे.

उमेदवारांविषयी काय आणि कोठे शोधावे

लीग ऑफ विमेन व्होटर्स ही १९२० पासूनची संस्था उमेदवारांना समान प्रश्न पाठवून त्यांची उत्तरे प्रसिद्ध करते. आरंभ तेथून करावा, मात्र गावपातळीवरचे उमेदवार पुष्कळदा उत्तरेच देत नाहीत. अशा वेळी नगर परिषदेच्या सभांची इतिवृत्ते कामी येतात. परिषदेवर आधीच असलेल्या उमेदवाराने कोणत्या ठरावाला मत दिले हे त्यांत लिहिलेले असते, आणि रंगीत पत्रकातील दहा आश्वासनांपेक्षा ती एक ओळ अधिक सांगून जाते.

पैशाचा मागही काढता येतो. राज्य आणि गावपातळीवरील उमेदवारांचे हिशेब न्यू जर्सीच्या निवडणूक कायदा अंमलबजावणी आयोगाकडे, तर काँग्रेस आणि सिनेटच्या उमेदवारांचे संघीय निवडणूक आयोगाकडे असतात. राज्य आयोगाकडे प्रायमरीच्या २९ दिवस आणि ११ दिवस आधी अहवाल येतात. त्यांत मोठ्या देणगीदारांची नावे आणि व्यवसाय पाहावेत. गावाच्या कंत्राटांशी संबंधित अभियांत्रिकी संस्था किंवा वकिलांची कार्यालये यादीत वारंवार दिसत असतील, तर ते बेकायदेशीर असतेच असे नाही, पण मतदाराने उमेदवाराला त्याबद्दल विचारणे रास्त आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर मात्र यांपैकी एखाद्या मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये, मग तो कितीही विश्वासू काकांनी पाठवलेला असो.

आजी-आजोबांसाठी

पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षे ग्रीन कार्डावर राहिलेल्या, किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे राहिलेल्या अर्जदाराला नागरिकत्वासाठी इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते. त्यामुळे मताधिकार आहे पण इंग्रजी मतपत्रिका वाचणे कठीण जाते, असे ज्येष्ठ आपल्या समाजात आहेत. मिडलसेक्स काउंटीत मतपत्रिकेवर स्पॅनिश आणि गुजराती असते, मराठी नसते. देवनागरी सरावाची असलेल्यांना गुजराती अक्षरे थोडीफार लागतात, पण त्यावर विसंबू नये. मतदान हक्क कायद्यानुसार, अंधत्व, अपंगत्व किंवा वाचता-लिहिता न येणे या कारणांनी मदत लागणाऱ्या मतदाराला स्वतः निवडलेल्या व्यक्तीला सोबत नेता येते. ती व्यक्ती त्याचा मालक, मालकाचा प्रतिनिधी किंवा त्याच्या कामगार संघटनेचा पदाधिकारी असता कामा नये. सोबत जाणाऱ्या मुलाने किंवा सुनेने आईबाबा सांगतील तेथेच खूण करायची असते. हे घरातच आधी बोलून घ्यावे.

तटस्थ राहणे

बहुतेक मराठी मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि अशा संस्थांना उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. मतदार शिक्षण मात्र करता येते. उमेदवारांना बोलवायचे झाल्यास त्या पदाच्या सर्वांना एकाच मजकुराचे निमंत्रण पाठवावे, प्रत्येकाला सारखाच वेळ द्यावा आणि प्रश्न लेखी घ्यावेत. गणपतीत अथवा गुढीपाडव्याला एकाच उमेदवाराला व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ द्यायचे आणि नंतर तो निव्वळ सत्कार होता असे म्हणायचे, ही पळवाट टाळलेली बरी. मतदान केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचारास बंदी असते, त्यामुळे उमेदवाराचे नाव असलेला टी-शर्टही त्या दिवशी घरीच ठेवण्यास सांगावे.

शेवटचा आठवडा

टपालाने मत देणाऱ्यांना आधी फोन करावा. अनअॅफिलिएटेड मतदाराने पक्ष जाहीर केल्याशिवाय त्याला प्रायमरीची टपाल मतपत्रिका येत नाही, आणि तो वाट पाहत राहतो. भरलेली मतपत्रिका काउंटीच्या सुरक्षित पेटीत मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत टाकता येते. दुसऱ्याची नेणाऱ्याला पाकिटावर स्वतःचे नाव लिहून सही करावी लागते आणि किती जणांच्या न्याव्यात यालाही मर्यादा आहे, म्हणून इमारतीभर फिरून पाकिटे गोळा करण्याच्या भानगडीत पडू नये. ज्याने टपाली मतपत्रिका मागवली आहे त्याला केंद्रावर यंत्रावर मत देता येत नाही.

केंद्रे सकाळी ६ ते रात्री ८ उघडी असतात आणि ८ वाजता रांगेत असलेल्याला मत देता येते. यादीत नाव सापडले नाही किंवा पक्षाची नोंद चुकीची दिसली, तर वाद घालत बसू नये आणि परतही जाऊ नये. तात्पुरती मतपत्रिका, म्हणजे प्रोव्हिजनल बॅलट, मागून घ्यावी, ती नीट भरून तेथेच द्यावी, आणि आपले मत मोजले गेले की नाही हे कसे कळेल याची माहिती देणारा कागद घेऊनच केंद्राबाहेर पडावे.