बँडसॉची पट्टी मापायची कशी

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पट्टीनं कापणारं करवत-मशीन. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन नुसतं "१४ इंची मशीनची पट्टी द्या" म्हणू नका हां, १४ हा चाकाचा व्यास असतो, पट्टीची लांबी नाही. जुनी पट्टी तुटलेली असेल तर सोप्पंय, जमिनीवर सरळ पसरा नि टेप लावा. नसेल तर टेन्शनचा (पट्टी ताणायचा) स्क्रू मधोमध ठेवून दोन्ही चाकांच्या सेंटरमधलं अंतर घ्या, त्याची दुप्पट करा आणि त्यात चाकाचा व्यास गुणिले ३.१४ मिळवा, म्हणजे अंतर २४.७५ इंच असेल तर ४९.५ अधिक ४४, झाले साडेत्र्याण्णव. चाकं सारखी असतील तरच हे चालतं. रुंदी दाताच्या टोकापासून पाठीपर्यंत मोजा, आणि एका इंचात दात किती तेही मोजून लिहून न्या.