पतिपत्नीच्या सामाईक घराचे भाडे विवरणपत्रात कसे दाखवावे

भाडे दोघांपैकी कोणाच्या बँक खात्यात जमा होते, याला प्राप्तिकराच्या दृष्टीने महत्त्व नाही. घरात कोणाचा किती हिस्सा आहे आणि तो कोणाच्या पैशातून आला, यावर सारे अवलंबून असते. म्हणून विवरणपत्राला हात लावण्यापूर्वी खरेदीखत, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि कर्जाच्या हप्त्यांचा तपशील समोर ठेवून हिस्सा निश्चित करावा. हिस्सा निश्चित असेल, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६ नुसार पती आणि पत्नी यांची स्वतंत्रपणे आकारणी होते, आणि दोघांनीही आपापल्या विवरणपत्रात आपापला वाटा दाखवावा लागतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला हाच कायदा लागू आहे.

येथे एक गोष्ट फार काळजीपूर्वक पाहावी. पत्नीचे नाव केवळ खरेदीखतावर असेल आणि सारी रक्कम पतीने दिली असेल, तर तिच्या वाट्याचे भाडेही पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. कर वाचवण्यासाठी कागदावर निम्मे-निम्मे लिहून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. पत्नीने स्वतःच्या पगारातून, माहेरहून मिळालेल्या रकमेतून किंवा स्वतः फेडलेल्या कर्जातून पैसे घातले असतील, तर त्या व्यवहारांची बँक विवरणे जपून ठेवावीत.

आता हिशेब पाहू. मानेवाड्यातील दोन ब्लॉकचे भाडे दरमहा प्रत्येकी १८,००० रुपये असेल, तर वर्षाचे ४,३२,००० रुपये होतात. त्यातून महानगरपालिकेला भरलेला मालमत्ता कर, समजा १२,००० रुपये, वजा करावा. मात्र तो मालकांनी १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात प्रत्यक्ष भरलेला असावा, नुसती डिमांड आलेली चालत नाही. उरलेले ४,२०,००० रुपये साठ-चाळीस या हिश्श्याने २,५२,००० आणि १,६८,००० असे विभागले जातात. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळाल्यावर १,७६,४०० आणि १,१७,६०० रुपये राहतात. रंगरंगोटी, नळदुरुस्ती किंवा दलाली यांसाठी खर्च कितीही झाला तरी वेगळी वजावट नाही. गृहकर्जाचे व्याज प्रत्येकाने स्वतः भरले तेवढेच वजा करावे. व्याजामुळे तोटा आला, तर जुन्या करप्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत ती सोय नाही, आणि प्रणाली निवडताना हा फरक आधी तपासावा.

राहण्याचे घर भाड्याने देणे हा आपला व्यवसाय आहे, असे म्हणून हे उत्पन्न धंद्याच्या शीर्षाखाली दाखवता येत नाही. विवरणपत्राच्या घर-मालमत्ता तक्त्यात आपला टक्का, सहमालकाचे नाव व पॅन क्रमांक भरावा, आणि दोघांच्या विवरणपत्रांतील टक्क्यांची बेरीज शंभर येते की नाही हे एकमेकांशी ताडून पाहावे.

भाडेकरू टीडीएस (भाडे देतानाच कापला जाणारा कर) कापत असेल, तर त्याला दोघांचे पॅन आणि हिस्से वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवावेत. सारी कपात एकाच पॅनवर गेली, तर फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कपातीचा तपशील) आणि विवरणपत्र जुळत नाही व परतावा अडकू शकतो.